तीन मिलिमीटरचा आवाज

माझ्या उजव्या कुशीला आवाज कमीजास्त करायची एक चकती आहे. तिच्या कडेवर एक ते दहा आकडे आहेत. त्यांतल्या चारवरचा पांढरा रंग पूर्ण उडाला आहे, तीन आणि पाचवरचा अर्धामुर्धा. सातपासून पुढचे आकडे मात्र अगदी परवापरवापर्यंत नव्यासारखे होते.

मित्रांनो, यावरून तुम्ही दोन गोष्टी ओळखल्या असतील. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि माझ्या मालकीणबाईंना मोठा आवाज कधीच आवडला नाही.

कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. एकीने माझी मोटर बसवली, दुसरीने रबरी चाक, तिसरीने हेड. हेड म्हणजे नखाएवढा चकचकीत तुकडा. फीत त्याला घासून जाते आणि तो ऐकतो. दुकानात माझ्या शेजारी दोन-दोन स्पीकरचे, लुकलुकत्या दिव्यांचे भाऊबंद होते. गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे वळे. बाई मात्र स्वतःची कॅसेट बरोबर घेऊन आल्या होत्या. त्यातलं एकच इंग्रजी वाक्य त्यांनी प्रत्येकावर लावून पाहिलं. त्या वाक्यात एक बारीक ‘ड’ होता. भाऊबंदांनी तो गिळला. मी जसाच्या तसा दिला.

“हाच द्या,” बाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर, मधोमध बसतो. संध्याकाळी तिथे बोलायच्या इंग्रजीचा वर्ग भरतो. टॅक्सीवाले येतात, दुकानांत काम करणाऱ्या मुली येतात, परदेशी निघालेले येतात. सगळे शाळेत इंग्रजी शिकलेले असतात, आणि सगळे ‘आय हॅड गॉन’ म्हणताना ‘हॅड’वर असा जोर देतात, जणू कोर्टात साक्ष द्यायला उभे आहेत.

“अहो, आपण तरी ‘बस गेली होती’ असं अख्खं कुठे म्हणतो?” बाई विचारत. “‘गेल्ती’ म्हणून मोकळे होतो. तसंच ते लोक ‘आयड गॉन’ म्हणतात. एका गोष्टीच्या आधी दुसरी घडून गेली होती, एवढंच तो ड सांगतो. दारातूनच निरोप सांगून जाणारा पाहुणा असतो ना, तसा. त्याला बसवून चहा पाजू नका.”

तो ड माझ्या फितीवर जेमतेम तीन-चार मिलिमीटर जागा घेतो. तेवढा मी कधी हरवला नाही, याचा मला अभिमान आहे. शिवाय आधीचं सांगायचं तर मागे जावं लागतं, आणि मागे जाण्यात माझा हात कोण धरणार?

वर्गाची एक रीत होती. प्रत्येकाने आपल्या दिवसातली खरी घडलेली गोष्ट माझ्यासमोर बोलायची. मग मी ती परत ऐकवायची. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ड ऐकू आला तर बोट वर करायचं. बाईसुद्धा डोळे मिटत. त्यांचं बोट सगळ्यांत आधी वर जाई.

पुढे मोबाइल आले. “बाई, हे धूड माळ्यावर टाका आता,” असं सलूनवाला म्हणाला. हा सलूनवाला वर्गातला सर्वांत जुना आणि सर्वांत तोंडाळ विद्यार्थी. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून बाई माझं हेड पुसत राहिल्या. “हा यंत्राचा कान आहे,” त्या म्हणत. “याला महिन्यातून एकदा पुसायलाच हवं.”

गेल्या वर्षी माझी चकती सरकू लागली. आधी सहावर, मग आठवर. डोळे मिटायची रीतही बाईंनी बंद केली. “तुम्हाला झोप येते,” म्हणाल्या. त्यांचं बोट आता सगळ्यांच्या मागून वर जाऊ लागलं. मी मधोमध बसतो, मला दिसत होतं. त्या आधी इतरांच्या बोटांकडे बघत.

बाईंची सून वर्गात माझ्या कळा दाबायला शेजारी बसे. तिच्याही ते ध्यानात आलं होतं.

“आई, एकदा कान दाखवून येऊ या ना.”

“माझे कान ठणठणीत आहेत. तुम्हीच हल्ली पुटपुटता.”

“मी पुटपुटते, दूधवाला पुटपुटतो. दाराची बेलसुद्धा पुटपुटते का?”

“बघू,” बाई म्हणत. वर्षभर त्या ‘बघू’ म्हणत होत्या.

त्याच सुमारास वर्गात एक नर्स आली. मोठ्या इस्पितळातल्या जागेसाठी तिची इंग्रजीतून मुलाखत होती. म्हणून वर्ग सुटल्यावर बाई तिची एकटीची तयारी करून घेत. तिथे बघायला इतरांची बोटं नव्हती. नर्स रोज बोले, मी रोज ऐकवी, आणि बाई रोज मान हलवत. “ड कुठे आला? परत म्हण.” तिचा ड माझ्या फितीवर होता, स्वच्छ होता. पण जे फितीवर आहे तेच मला वाजवता येतं, मित्रांनो. त्याखाली सही करता येत नाही.

परवा वर्ग भरल्या भरल्या ती म्हणाली, “बाई, मी मुलाखतीला जात नाही. कळवूनच टाकते उद्या. एवढे दिवस झाले, साधा ड जमत नाही. मला वाटतं आला, पण तुम्ही म्हणता नाही, म्हणजे नाहीच.”

बाईंच्या आधी सलूनवालाच बोलला.

“असं कसं? आम्हाला ऐकवा की एकदा. आणि जुन्या पद्धतीने, डोळे मिटून. नाहीतर हिची दया येऊन सगळे बोट वर करतील. हे प्लंबरसाहेब तर माझं बघूनच करतात.”

“तुमचं बघून केलं तर माझंही चुकेल,” प्लंबर म्हणाला.

सगळे हसले आणि सगळ्यांनी डोळे मिटले. बाईंनीही मिटले. सुनेने माझी कळ दाबली.

माझं रबरी चाक झिजलेलं आहे, पट्टा सैल आहे. पण हेड स्वच्छ होतं, कारण ते पुसणारं कुणी होतं. ज्या हातांनी माझी निगा राखली त्यांनी स्वतःचीही राखावी, एवढंच मला कधीपासून वाटत होतं. मी नर्सचं आदल्या दिवशीचं वाक्य वाजवलं. ‘व्हेन आय केम, हीड फॉलन अस्लीप.’ ती आली तेव्हा पेशंटला झोप लागली होती.

सलूनवाल्याचं बोट वर गेलं. प्लंबरचं गेलं, सुनेचं गेलं, टेबलाभोवतीची सगळी बोटं वर गेली. बाईंचा हात टेबलावरच होता. त्या अजून ड येण्याची वाट बघत होत्या.

मग त्यांनी डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे अजून मिटलेलेच होते. त्यांनी बोट वर केलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. त्या एकेका बोटाकडे बघत गेल्या, आणि शेवटी नर्सकडे. ती मान खाली घालून बसली होती.

“डोळे उघडा,” बाई म्हणाल्या. “बोटं खाली घेऊ नका. आणि माझ्या हाताकडे बघा.”

सगळ्यांनी बघितलं.

“तुझा ड होता,” त्या नर्सला म्हणाल्या. “रोज असणार. ऐकण्यात मीच कमी पडले. मुलाखतीला तू जायचंस.”

मग सुनेकडे वळून, वर्गात शिकवताना लावतात तो आवाज लावून त्या म्हणाल्या, “उद्या सकाळी आपण कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. त्यांनी मशीन लावा म्हटलं तर मी लावीन. आणि तोवर या टेबलावर, कुणाचा ड आला आणि कुणाचा नाही, ते तू सांगायचंस.”