आवाज येतोय का?

मित्रांनो, मी तासगावातला एक जुना संगणक आहे. सांगलीच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले आणि मांडीवर घेऊन, एसटीने मला इकडे आणले. बेदाण्याच्या शेडला लागून असलेल्या खोलीत माझा मुक्काम पडला. मालक जिनदत्त अण्णा. एका बोटाने टकटक करत ते माझ्या कळा दाबत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "लय हुशार मशीन हाय गड्या!" खोटे कशाला बोलू, मी फार फुगायचो.

पण मला खरा जीव लावला तो अण्णांच्या पत्नीने, चंदनबालाकाकूंनी. त्यांची लेक दीपाली लग्न होऊन बंगळूरला गेली. "मोबाइलात पोरगी एवढीशी दिसती," म्हणून काकू माझ्यासमोरच बसत. एकदा माइक बंद राहिला आणि बिचाऱ्या कितीतरी वेळ एकट्याच बोलत बसल्या. त्याचा त्यांनी धसकाच घेतला. तेव्हापासून लेकीला फोन लावण्याआधी हेडफोन चढवून त्या आपला आवाज माझ्यात भरून बघत. "हॅलो, आवाज येतोय का? आवं, तुमी मागनं बोलू नका की!" मग तेच परत ऐकून खुदकन हसत.

गेल्या वर्षी थोड्याशा आजाराचे निमित्त झाले आणि काकू गेल्या. फोटो भिंतीवर लागला. आवाज मात्र फक्त माझ्यापाशी राहिला. अण्णा रोज दार लोटून घेत, हेडफोन लावत आणि तेवढेच ऐकत. हे त्यांनी कुणालाही सांगितले नाही. बायकोचा आवाज ऐकत बसतो म्हटल्यावर लोक हसतील, असे त्यांना वाटे. कोण हसणार होते हो?

त्या आवाजामागे शेडमधल्या पंख्याची घरघर होती. ती घालवावी म्हणून अण्णांनी आवाज साफ करणारे काहीतरी फुकटचे नेटवरून उतरवले. झाले! त्याच्याबरोबर नसती ब्याद आली. पडद्यावर जाहिराती नाचू लागल्या, भलतीच पाने आपोआप उघडू लागली. पुढे बेदाण्याचा हंगाम आला. बेदाण्याचा रंग टिकावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी सुरू झाली, तिचा वास माझ्या खोलीत भरून राहू लागला आणि एक दिवस माझे नेट पार बंद पडले.

महावीर जयंतीला जावई आर्जव आले. माणूस भला. आल्या आल्या माझ्यासमोर बसले.

"मामा, यात हेरगिरी करणारा प्रोग्राम घुसलाय. तोच नेट अडवत असणार. हे तुम्ही कशाला घेतलं होतं?"

"आलं आसल चुकून," अण्णा खाली बघत म्हणाले.

आर्जवांनी तो प्रोग्राम काढला, मला आतून तपासले, सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या केल्या. जाहिराती थांबल्या. नेट काही येईना.

"मुळापर्यंत गेलेलं दिसतंय. सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल. हिशेब, फोटो, काही ठेवायचंय का?"

"हिशेब मोबाइलात हायत. फोटो दीपालीकडं हायत."

अण्णा तिथेच घुटमळले. हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले. "पाव्हणं, त्यात एक..."

"काय, मामा?"

आमच्याकडे जावयापुढे सासरा मन मोकळे करीत नाही.

"काय न्हाई. च्या घेता नव्हं?"

सांगा हो अण्णा, सांगून टाका! मी आतल्या आत तळमळत होतो. पण चहा आला, आणि आर्जवांनी बटण दाबले.

तुम्ही विचाराल, सगळे पुसले तर तुला हे आठवते कसे? मलाही ठाऊक नाही. काकूंचे शब्द आठवतात. आवाज मात्र आठवत नाही, कितीही धडपडलो तरी.

पुसून झाले, तरी नेट आलेच नाही. शेवटी आर्जवांनी माझ्या पाठीमागची वायर उपसली आणि कपाळावर हात मारला. "अरेच्चा! मामा, हे बघा. धुरीनं पिना काळ्या पडल्यात. नेट बंद पडलं ते ह्याच्यामुळं!" पिना घासून नवी वायर लावताच नेट धावू लागले. आर्जव खूश झाले. अण्णाही हसले.

पाहुणे गेल्यावर अण्णांनी माझा कोपरा न् कोपरा उघडून पाहिला. कुठेच काही नव्हते. मग नुसता हेडफोन कानाला लावून ते बसून राहिले. 

दोन-चार दिवसांनी दीपालीचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा उमटला आणि ती म्हणाली, "अण्णा, आवाज येतोय का?"

हुबेहूब काकूंची ढब असणार. अण्णांनी तोंड बाजूला फिरवले.

"न्हाई आला. परत म्हण."

"आवाज येतोय का?"

"अजून एकदा म्हण, बाळ."

"नेट अजून खराबच आहे का हो, अण्णा?"

"व्हय. तू म्हण."

मित्रांनो, नेट अगदी छान चालले होते. तुमच्या घरात कुणी बोलता बोलता असे थांबले, तर बटणाला हात लावण्याआधी जरा थांबा. एकदा विचारा, "काय म्हणत होता?"