अंधाराचा आळ माझ्यावर

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी रडत सांगायची असते म्हणे. ते माझ्याकडून होणार नाही. परभणीतल्या एका व्हिडिओ दुकानाच्या मागच्या खोलीत मी धूळ खात पडलो आहे, आणि येणारा-जाणारा मला ‘टेप खाणारं मशीन’ म्हणतो.

माझा जन्म जपानचा. दुबईहून कुणाच्या तरी बॅगेतून मुंबईला आलो आणि तिथून या दुकानाच्या मालकांनी, दत्तरावांनी, मला परभणीला आणले. पहिल्या दिवशी माझ्यापुढे नारळ फोडला, हळदकुंकू वाहिले. पुढे कितीतरी वर्षे ते मला लेकरासारखे मांडीवर घेऊन गावोगाव व्हिडिओ दाखवत हिंडले. एकदा ताडकळसला बायका म्हणाल्या, आम्ही पुरुषांत बसणार नाही. दत्तरावांनी मध्ये पडदा लावला, दोन टीव्ही मांडले आणि माझ्या एकाच वायरीला दोन फाटे फोडून दोन्हीकडे नेले. झाले! दोन्हीकडे चित्र काळेकुट्ट. पुरुषांनी शिट्ट्या मारल्या, बायका उठून जायला निघाल्या. तेव्हा दत्तरावांनीच डोके लढवून एक फाटा उपटला. लगेच लख्ख दिसू लागले. “एका नळाला दोन तोंडं केल्यावर पाणी कमीच पडणार की,” असे ते स्वतःच्या तोंडाने बोलले होते. म्हणून तर मला जास्त संताप येतो.

मग मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर झाले त्या सालच्या उन्हाळ्यात दुकानात कॉम्प्युटर आला. जत्रेत माणसाला समोर बसवून त्याचा कॉम्प्युटर फोटो कागदावर छापून द्यायचा, हा नवा धंदा. तो चालवायला दत्तरावांचा मेहुणा नागनाथ आला. लग्नाच्या कॅसेटमधले चित्रही त्यात उतरवून छापता येते, हे कळल्यावर त्या पेटीचे कौतुक काय विचारता! तिला पंखा, तिला मखमली झाकण. मला मात्र तिच्या खाली ढकलले.

एके दिवशी ताडकळसच्या भागम्मा आल्या. त्यांची लेक चन्नबसम्मा बाळंतपणात गेली होती. फोटो म्हटले की ती तोंडावर पदर ओढायची, त्यामुळे घरात तिची एकही तसबीर नव्हती. फक्त दिराच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, हळद लावताना, पदर खांद्यावर घसरलेला असताना ती हसली होती. तेवढेच काय ते. भागम्मांनी कॅसेट पदरात बांधून आणली होती.

“माज्या नातीला तिची माय दिसावी, यवढंच हाय बगा,” त्या म्हणाल्या.

मी कॅसेट अलगद आत घेतली. चन्नबसम्मा हसली, नागनाथने पॉज दाबला. कॉम्प्युटरवर चित्र उतरले ते अमावास्येसारखे. का? तर गिऱ्हाईक जमावे म्हणून दुकानाच्या दारात एक टीव्ही सतत चालू असायचा, आणि माझ्या वायरीचा एक फाटा त्याला, दुसरा कॉम्प्युटरला! ताडकळसचीच गोष्ट. पण या दोघांनी काय करावे? दत्तरावांनी टीव्हीचे ब्राइटनेसचे बटण पिळले. टीव्ही उजळला, कॉम्प्युटर होता तसाच काळा. टीव्हीचे बटण फिरवून कॉम्प्युटर उजळेल, असे मानणाऱ्या माणसाला काय म्हणावे, तुम्हीच सांगा. नागनाथने कॉम्प्युटरमध्ये उजेड वाढवला, तर काळ्याचे राखाडी झाले आणि नाकडोळे पुसून गेले. मग दोघेही माझ्याकडे वळले. नव्या पेटीला नावे ठेवायची हिंमत कुणाला होती? माझे झाकण उघडले, स्पिरिट लावून कोरी नोट माझ्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या फिरत्या चकतीवर, घासली, वरून दोन थपडाही मारल्या.

मित्रांनो, पॉज दाबला की चित्र थांबते, पण माझे हेड थांबत नाही. ते टेपच्या त्याच जागेवर गरगर घासत राहते. म्हणून टेप वाचवायला मी थोड्या वेळाने आपणहून पॉज सोडून देतो. मी सोडायचो, नागनाथ टेप मागे घेऊन त्याच हसण्यावर पुन्हा दाबायचा. सकाळपासून दुपारपर्यंत हाच खेळ. भागम्मा बाकावर बसून पाहत होत्या आणि मी माझ्याच हेडखाली त्यांच्या लेकीचा चेहरा झिजताना पाहत होतो. मला तोंड असते तर मी शिव्या दिल्या असत्या.

दुपारी कुणीतरी दारातला टीव्ही भाड्याने न्यायला आला. नागनाथने त्याची वायर उपटली आणि कॉम्प्युटरवर लख्ख उजेड पडला. साडीचा काठ दिसला. हातावरची ओली हळद दिसली. गळ्यातले इष्टलिंग दिसले. आणि चेहऱ्याच्या जागी नुसत्या पांढऱ्या रेघा. टेप पुढे-मागे केली तरी त्याच रेघा.

उपटलेली वायर दत्तरावांच्या पायाशीच पडली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले, आणि त्यांना ताडकळस आठवले हे मला स्पष्ट कळले. मला वाटले, आता तरी बोलतील.

“मशीन लय जुनं झालंय, मावशी,” ते म्हणाले. “टेप खाल्ली त्यानं.”

भागम्मांनी कॅसेट परत पदरात बांधली. जाताना माझ्यासमोर थांबल्या. चिडल्या असत्या तर बरे झाले असते. पण त्या हळूच म्हणाल्या, “तुला तरी कसं वाटलं रं बाबा, तिचंच तोंड न्यावं?”

मित्रांनो, चित्र अंधारले तर आधी वायरी बघा, कुणाच्या चेहऱ्यावर पॉज दाबून बसू नका, आणि जुने आहे म्हणून त्याच्यावर खापर फोडू नका. एवढे शिकलात तर उत्तम. माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही, उद्या भंगारात घाला हवे तर. पण तुमच्यापैकी कुणी ताडकळसला गेले, तर भागम्मांचे घर विचारा. त्यांना सांगा, ते मी केले नाही.