मुकुट चढायच्या आधी

“मिठी मारायची नाही. हात पुढे करायचा, मागे घ्यायचा. झालं,” बाबा म्हणाले.

“गोष्टीत मिठी आहे.”

“गोष्टीत तो देव आहे. तू आठवीतनं पळालेला ढुंढ्या आहेस.”

“शिवाशीव कधीच बंद झालीय, बाबा. कायदा आहे.”

“कायदा कचेरीत. हलू नकोस, गंध फिस्कटतंय.”

बाबा माझ्या गालांवर चंदनाचे ठिपके काढत होते. रामघाटावरची रामलीला तेच बसवतात. आज नदी ओलांडायचा प्रसंग. राज्य गेलेला राजपुत्र काठावर येतो, तो मी. नावाड्यांचा राजा त्याला कवटाळतो. ते काम पहिल्यापासून घाटावरच्या नावाड्यांचं, मल्लाहांच्या घरचं, स्वतःची नाव घेऊन. यंदा प्रल्हाद. शाळा सुटली तेव्हा गल्लीभर मला वाया गेलेला म्हणायचे, तेव्हा यानंच हातात वल्हं दिलं. आता मी भर धारेत नाव चालवतो. कुणाला खरं वाटत नाही.

पण प्रल्हाद खाली घाटावर नावेतच बसून होता. मिठी नाही हे त्याला कळलं होतं. नगारा सुरू झाला तशी मी बाबांचा हात झटकला आणि पायऱ्या उतरलो.

“चल बे, टेन्शन मत ले,” मी म्हटलं. “मुकुट चढला की मी देव. बाबासुद्धा पाया पडतात. मला अडवणार कोण?”

तो नावेची दोरी चाचपत होता. “और उतरने के बाद?”

“उतरने के बाद क्या?”

“तेरे घर पानी तो अंजुली में ही मिलेगा न. ऊपर से डाला हुआ.”

माझं डोकंच फिरलं. “तो मत आ,” म्हणून मी वर आलो.

आता खिडकीतून दिसतंय, तो दोरी सोडतोय. नाव गेली की बाबा नावाड्याच्या सोंगात आपल्यातल्याच श्रीनिवासला भाड्याच्या नावेत बसवणार, आणि प्रल्हाद परत माझ्याशी बोलायचा नाही.

“काय बघतोस? इकडे मान कर.” बाबा मुकुट घेऊन उभे.

“बाबा, वनवासात मुकुट कुठला?”

“काय?”

“त्याच्याकडे काहीच नव्हतं तेव्हा. तरी नावाड्यानं जवळ घेतलं. म्हणून तो पुढे कुणालाही जवळ घेऊ शकला.”

“मुकुटाशिवाय देव ओळखायचा कसा लोकांनी?”

खाली अख्खी मंगला गौरी गल्ली गोळा झालीय, बाबा ज्यांच्याकडे भिक्षुकी करतात ते सगळे यजमान पायऱ्यांवर. प्रल्हादच्या नावेचं टोक धारेकडे वळलं.

“नका घालू. अजून मी ढुंढ्याच आहे ना?”

“कुठे निघालास?”

सरका, बाबा. नाव सुटायच्या आत मला प्रल्हादपर्यंत जायला हवं.