अंगठा आणि वस्तरा

"ह्यांच्या पायावर नजर ठेव गं. घट्टा दिसला की ह्यांचा हात वस्तऱ्याकडे जातो," बहिणीकडे निघताना सासूबाईंनी बजावलं होतं. "बाबा काय लहान आहेत?" म्हणत सुनेनं ते हसण्यावारी नेलं. तिचा सगळा जीव रांगणाऱ्या लेकीत. लेक नुसती शिंकली तरी ही डॉक्टरांना फोन लावणार!

त्या सकाळी लेक रांगत आली ती तळहात लाल करून. सुनेचं धाबंच दणाणलं. बोटं, गुडघे, हिरड्या, सगळं चाचपलं. कुठे ओरखडासुद्धा नाही. लेक आपली खिदळतेय. मग फरशीवर लाल ठिपके दिसले, थेट सासऱ्यांच्या खुर्चीपर्यंत. सासरे वर्तमानपत्राआड, आणि मोज्याचं टोक लालभडक.

"बाबा, हे काय?"

"काही नाही गं. घट्टा बोचत होता, जरासा तासला. उभा जन्म न्हाव्याचं काम केलं, कुणाच्या गालाला ओरखडा उठू दिला नाही मी!"

"गिऱ्हाइकाचा गाल तुम्हाला समोर दिसतो, बाबा. अंगठ्याच्या वाटेत तुमचं पोट आडवं येतं!"

सासरे हसायला गेले आणि पाय टेकताच कळवळले. सुनेला मात्र हसू येईना. बाबांना मधुमेह; जखम चिघळली तर अंगठाच जायचा. तिनं जखम धुतली, स्वच्छ कापड दाबून धरलं आणि रक्त थांबताच लेकीला काखोटीला मारून गाडी काढली.

"अगं, दुकानात गिऱ्हाइकं खोळंबलीत!"

"खोळंबू देत. दाढी पुन्हा वाढते, अंगठा नाही वाढत."

डॉक्टरीणबाईंनी निबर कातडी हलक्या हातानं काढली, मलमपट्टी केली. "वेळेत आणलंत, अंगठा वाचला. पण हे निमुळते बूट बंद. वस्तरा पायाला लावायचा नाही. आणि जखम भरेपर्यंत उभं राहायचं नाही."

"न्हाव्यानं बसून हजामत करायची?" सासऱ्यांचा चेहरा पडला. दुकान बंद ठेवणं म्हणजे त्यांना शिक्षाच.

सुनेनं डोकं लढवलं आणि चाकांचं उंच स्टूल आणून दिलं. सासरे दोन दिवस कुरकुरले. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाभोवती गिरक्या घेत म्हणाले, "हे आधी का नाही सुचलं कुणाला?"

जखम भरली. आता रोज संध्याकाळी सून आधी लेकीचे पाय पुसते, मग सासऱ्यांचे तपासते. तेही हल्ली आपणहून पाय पुढे करतात.

तुमच्याही घरात मधुमेह असलेलं, दिवसभर उभं राहून राबणारं कुणी असेल. ह्या सुनेचं एवढंच मागणं आहे: आज त्यांना मोजे काढायला लावा, आणि तळव्यापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत नीट बघा. लाजतील, रागावतील. रागावू देत.