बेडकीचा सांधा

मोटारींच्या रॅली-शर्यतीत गाडी उतरवायची तर तशाच दोनशे गाड्या बनवून गिऱ्हाइकांना विकायला ठेवा, असा नियम होता. म्हणून कारखान्याने आपल्या साध्यासुध्या हॅचबॅकची मागची सीट काढून तिथे इंजिन बसवलं आणि चाकांवरचा पत्रा फुगवला. कामगारांनी तिचं नाव पाडलं बेडकी. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. बाजारातून घरी येईस्तोवर पिशवीतलं लोणी वितळायचं, आणि शेजारच्याशी बोलायचं तर घसा फोडावा लागायचा.

तपासनीस मोजायला येणार त्याच्या तीन आठवडे आधी चाळीस गाड्या बाकी होत्या. सांगाड्याचे सांधे जोडणारा वेल्डर दोन-दोन पाळ्या उभा राहिला. डोळे चुरचुरायचे, हात आपले चालत राहायचे. कशाबशा दोनशे भरल्या. शर्यतीसाठी त्या शेवटच्या चाळिसांतलीच एक निवडली. ड्रायव्हरशेजारी बसून पुढची वळणं वहीतून वाचून दाखवायला होता वेल्डरच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

तिसऱ्याच शर्यतीत गाडी कड्यावरून खाली गेली आणि पेटली. दोघंही गेले. चौकशीवाल्यांनी 'वेग जास्त' असं लिहून हात झटकले. वर्षअखेरीस असल्या गाड्यांच्या शर्यतीच बंद झाल्या.

आवारात न खपलेल्या सत्तावीस बेडक्या गंजत होत्या. त्या कापून भंगारात काढायचं काम वेल्डरच्याच गळ्यात पडलं.

"जोडल्यास तू, तेव्हा कुठे कापायचं ते तुलाच ठाऊक," फोरमन म्हणाला.

मागच्या आडव्या नळीशी आला की तो सांध्यावर हातोडी मारून बघायचा. का, ते कुणाला सांगितलं नाही. नऊ सांधे ठणठणीत निघाले. दहावा एका टोल्यात सुटला. वरून टाका देखणा, आत धातू वितळलाच नव्हता. शेजारी त्याचीच खूण ठोकलेली. तशा आणखी दोन गाड्या निघाल्या, तिन्ही शेवटच्या चाळिसांतल्या.

त्याने नेऊन दाखवलेला सांध्याचा तुकडा फोरमनने उलटासुलटा केला. "ती गाडी जळाली. राखेत सांधा शोधणार आहेस? तोंड मिटून काम कर."

संध्याकाळी तो तुकडा घेऊन बहिणीकडे गेला. ती मुलीच्या गणवेशाला इस्त्री करत होती.

"हे काय आणलंस, दादा?"

त्याने सगळं सांगितलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे तुझ्यामुळे?"

"तेच कळत नाही. आता कळणारही नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

"राहवेना गं."

"तुझं ओझं उतरलं," ती म्हणाली. "मी माझं कुणाच्या दारात नेऊन ठेवू?"

तिने 'बस' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. तुकडा उचलून तो आपणच निघाला.

उरलेल्या गाड्या दुसऱ्या कुणी कापल्या. त्याने कारखाना सोडला आणि एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला. वर्षभराने बहिणीचा निरोप आला: मुलीला शाळेतून आणशील का? तेव्हापासून तो रोज जाऊ लागला. भाची त्याचं बोट धरून वाटभर बडबडायची. दाराशी पोचली की बहीण तिला आत घ्यायची, "बरं" एवढंच म्हणायची, आणि दार लोटून घ्यायची.