गिरजाची सावड
"तू बांधावर बस गो. सगल्यांना चहा पाज," देवकी म्हणाली.

गिरजानं लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि ती चिखलात उतरली.

शेत देवकीचं, शेजारणीचं. खर्डीजवळच्या त्या पाड्यावर लावणीला सावड चाले: आज तुमची माणसं आमच्या शेतात, उद्या आमची तुमच्या. तीन वर्षं बायकांनी गिरजाचं शेत लावून दिलं, पण फेडायला तिला एकदाही हाक मारली नाही. एरवी देवकी तोंडाची फटकळ, पण गिरजाशी बोलताना तिच्याही तोंडात साखर. गिरजाला आजारापेक्षा ही साखरच जास्त जाचली.

आजार मोठाच होता. सत्त्याण्णव साली घोट्याच्या वर गाठ आली. मुरगळलं असेल म्हणून सगळ्यांनी ती चोळचोळ चोळली. मुंबईच्या डॉक्टरांनी हाडाचा कॅन्सर सांगितला, तेव्हा नवऱ्यानं, बारकूनं, कुबड्यांची चौकशीही करून ठेवली. पण पाय वाचला. डॉक्टरांनी नडगीचा खराब तुकडा काढला, शेजारचं बारीक हाड सरकवून त्या जागी बसवलं आणि घोटा कायमचा जखडून टाकला. भार घेत गेलं की ते जाड होईल, म्हणाले. बारकूला काही पटेना. पण दर एक्स-रेत ते हाड खरोखरच जाड होत गेलं, आणि पहिलटकरणीनं बाळ दाखवावं तशी गिरजा तो एक्स-रे उन्हात धरून पाड्याला दाखवत सुटली.

चिखलात मात्र जखडलेला घोटा वाकेना. रोपं लावत मागे सरताना पाय खुंटासारखा रुते, दोन्ही हातांनी उपसावा लागे. शेजारच्या बायका तिच्यासाठी मुद्दाम हळू लावू लागल्या. ते ओळखून गिरजाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माज्यासाठी थांबू नका. तुमी चला."

बायका आपापल्या ओळी लावत निघून गेल्या. दिवस कलला तेव्हा कुठे गिरजाची ओळ पुरी झाली.

देवकी रोपं बघत बघत आली आणि तिच्या ओळीशी वाकली.

"गिरजे, रोपं काय तरंगाया लावलीस? उथल हायत सगली. शेत माजं हाय, तुज्या बापाचं नाय." जाता जाता ती म्हणाली, "उद्या भिमाच्या शेतावर जायचं हाय. वेलेवर ये, रोज हाक मारनार नाय."

तीन वर्षांत पाड्यावर तिला कुणी चार शब्द सुनावले नव्हते. गिरजाचा ऊर भरून आला.

"येते," ती म्हणाली.

मग पुन्हा चिखलात उतरून तिनं आपल्या ओळीतलं पहिलं रोप उपटलं आणि अंगठ्यानं दाबून खोल लावलं.