कंडक्टरबाईंची घडवंची

मित्रांनो, वर चढण्याआधी बूट पुसलेत, त्याबद्दल आधी शाबासकी. सगळे पुसत नाहीत. काल एका मुलीच्या बुटाला लागलेला चिखल अजून माझ्या पाठीवर वाळतोय. तरी माझी तक्रार नाही. कोणीतरी चढतंय, हेच माझ्यासारखीला पुष्कळ.

मी एक जुनी लाकडी घडवंची आहे. हा शब्द तुमच्यातल्या काहींना नवा असेल. ठेंगणी, चार पायांची, वर सपाट फळी असलेली वस्तू म्हणजे घडवंची. माझ्या जातीच्या इतर घडवंच्यांवर पाण्याचे हंडे ठेवतात. माझ्यावर माणूस उभं राहतं. तेही असं तसं नाही, लोकांनी निवडून दिलेलं माणूस!

तुम्ही आज ज्या सभागृहाच्या गॅलरीत उभे आहात, ते आमच्या प्रांताचं सभागृह. साऱ्या देशाचं मोठं सरकार दूर राजधानीत असतं. त्यानं काही कामं आमच्या लहान सरकारकडे सोपवली आहेत. दवाखाने, वीज आणि बसगाड्या ही त्यातली मोठी कामं. ती नीट होतात की नाही, हे सभासदांनी मंत्र्यांना विचारायचं आणि मंत्र्यांनी उत्तर द्यायचं, अशी इथली रीत. आईनं मुलाला विचारावं ना, "अभ्यास झाला का?" तसंच. आणि मुलं देतात तशीच उत्तरंही मिळतात. "होतोय." "करणारच होतो." "वही ताईकडे आहे."

माझा जन्म झाला तो एका अंबाड्यामुळे. सांगते.

तेव्हाचं जुनं सभागृह फार देखणं होतं, पण तिथली मेजं भलतीच उंच. ज्यांनी ती करवून घेतली ते सगळे ताडमाड असावेत. त्या सभागृहात कंडक्टरबाई निवडून आल्या. आधी त्या खरोखरच बसमध्ये कंडक्टर होत्या, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणत. आवाज खणखणीत, उंची मात्र बेताची. मेजामागे उभ्या राहिल्या की समोरून फक्त अंबाडा दिसे.

आता गंमत ऐका. सभागृहाचा एक जुना नियम होता. छापलेल्या प्रश्नाला मंत्री उत्तर देत. ते पटलं नाही तर प्रश्न विचारणाऱ्यानं उभं राहायचं. मग अध्यक्ष त्याला बोलायला सांगत आणि त्याचा माइक सुरू होई. उत्तर पटलं तर बसून राहायचं. कोणी उभं नाही असं पाहून अध्यक्ष म्हणत, "सभासदांचं समाधान झालं. पुढचा प्रश्न." आमचे अध्यक्ष भला माणूस, पण नजर अधू. कंडक्टरबाई ताठ उभ्या असायच्या आणि त्यांना वाटायचं, बाई बसल्यात!

"सभासदांचं समाधान झालं."

"अहो, मी उभी आहे!" बाई ओरडत.

"कोण ओरडतंय मध्येच? परवानगीशिवाय बोलायचं नाही. पुढचा प्रश्न."

सगळं सभागृह खो खो हसे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येई की बाईंचं समाधान झालं. मग त्यांच्या मुलीचा फोन येई.

"आई, तुझं समाधान झालं म्हणे. माझं नाही झालं हं!"

मुलगी गमतीनं म्हणे, पण गोष्ट गमतीची नव्हती. ती टेकडीवरच्या वस्तीत राहत होती आणि तिला बाळ होणार होतं. वस्तीत छोटा दवाखाना होता. बाळंतपणाचा वॉर्ड होता, खाटा होत्या, इवलासा पाळणासुद्धा होता. पण दिवस मावळला की वॉर्डाला कुलूप. बाळं काही घड्याळ बघून येत नाहीत. संध्याकाळनंतर कोणाला कळा सुरू झाल्या, तर मिळेल त्या गाडीनं, वळणावळणाच्या रस्त्यानं खाली शहरात जायचं. एका शेजारणीचं बाळ असंच वाटेत, भाजीच्या टेम्पोत जन्माला आलं होतं. दोघं सुखरूप होती, पण कंडक्टरबाईंची झोप उडाली होती.

तर एके दिवशी आमचे सुतारकाका मेजाची बिजागरी दुरुस्त करायला आले. त्यांनी पाहिलं, कंडक्टरबाई चवड्यांवर उभ्या, दोन्ही हातांनी मेजाची कड धरलेली, आणि तरी अध्यक्ष पुढच्या प्रश्नावर गेलेले. सभागृह रिकामं झाल्यावर काकांनी बाईंना सांगितलं, "ताई, जरा उभ्या राहा," आणि मेजापर्यंतची उंची वितीनं मोजली. एका जुन्या दाराची फळी उरली होती, तिच्यातून त्यांनी मला घडवलं. रंधा मारला, कडा गोल केल्या, "लागायला नको हो कुणाच्या पायाला," असं माझ्याशीच बोलले. फक्त माझा एक पाय किंचित आखूड झाला. काकांनी खुर्चीचं जुनं चामडं दुमडून त्याखाली सरकवलं. "राहील," म्हणाले. राहिलं, पण नेहमी नाही.

पहिल्या दिवशी बाई माझ्यावर चढल्या तेव्हा मी घाबरून 'कुईं' केलं. अध्यक्षांनी चष्मा वर केला. "अरेच्चा! आज सभासदांना चेहरा आहे!"

लगेच हरकत आली. मेजांमधल्या अरुंद वाटेच्या पलीकडे, सरकारच्या बाजूला, एक उंच वकीलसाहेब बसत. ते उठले. "अध्यक्षमहाराज, घरचं सामान सभागृहात आणायला कुठल्या नियमानं परवानगी आहे? उद्या कोणी झोपाळा आणेल!"

अध्यक्षांनी विचार केला. "तुम्ही चष्मा आणता. मीही आणतो. मागच्या बाकावरचे आजोबा काठी आणतात. घडवंची चालेल. झोपाळ्याचं झोपाळा आल्यावर बघू."

माझी छाती फुगली. घडवंचीला छाती नसते, पण फुगली.

त्यानंतर कंडक्टरबाईंनी प्रश्नांचा सपाटा लावला. पण आणखी एक अडचण होती. आरोग्याचे प्रश्न एका दिवशी, वाहतुकीचे दुसऱ्या, विजेचे तिसऱ्या, अशी वाटणी. एका खात्याचा दिवस असला की बाकीचे मंत्री चहाच्या खोलीत.

आरोग्यमंत्री आपल्या दिवशी म्हणाले, "वॉर्ड तयार आहे. पण रात्रपाळीच्या नर्स खालून शहरातून येतात. संध्याकाळची बसच बंद, त्या येणार कशा? बसखात्याला विचारा."

वाहतूकमंत्री त्यांच्या दिवशी म्हणाले, "विजेवर चालणारी नवी कोरी बस घेतली आहे. चढ चढून वर गेली की तिला तिथे चार्ज करावं लागतं. वर तेवढी वीजच नाही. वीजखात्याला विचारा."

उरले वीजमंत्री. त्यांचा दिवस उजाडला तेव्हा मुलीला नववा लागला होता. रोज सकाळी बाई माझ्यावर थाप मारून "काय गं, बरी आहेस ना?" विचारायच्या, त्या दिवशी नाही विचारलं.

वीजमंत्र्यांनी आधी राजधानीकडेच बोट दाखवलं. "विजेचे मोठाले मनोरे राजधानीतल्या सरकारचे असतात. आमच्या हातात..."

"मी मनोरा मागत नाही," कंडक्टरबाई म्हणाल्या. "टेकडीवर एक मोठा ट्रान्सफॉर्मर मागतेय. तो तर आपल्याच हातात आहे ना?"

"आहे," वीजमंत्री हसून म्हणाले. "गोदामात पडूनच आहे. पण वर तेवढ्या विजेची मागणीच नाही. बस बंद, रात्रीचा वॉर्ड बंद. ट्रान्सफॉर्मर लावू कोणासाठी?"

आलं का लक्षात, मित्रांनो? नर्स बससाठी थांबल्या होत्या, बस विजेसाठी आणि वीज नर्ससाठी! खोटं कोणीच बोलत नव्हतं. तिघं सज्जन दारात उभे राहून एकमेकांना "तुम्ही आधी, तुम्ही आधी" म्हणत होते आणि दार अडलं होतं.

"झालं उत्तर," अध्यक्ष म्हणाले. "बाई, बसा आता."

"उत्तर मिळालं नाही, कशी बसू?"

"मंत्र्यांनी दिलं की."

"त्यांनी त्यांचा तुकडा दिला. उरलेले दोन तुकडे बाहेर चहा पितायत. त्यांना बोलवा. तोपर्यंत मी उभी आहे."

अध्यक्षांनी नियम आठवले. सभासद उभा असेपर्यंत पुढचा प्रश्न घेता येत नाही! सभागृहात चुळबुळ सुरू झाली. कोणी "बसा हो," म्हणालं, कोणी "पोटात कावळे ओरडतायत," म्हणालं. मंत्र्यांना निरोप गेला. वेळ सरकेना. बाई हलेनात.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या आखूड पायाखालचं चामडं सटकलं.

मी डगमगले. बाईंनी मेज घट्ट धरलं, पण मी पुन्हा कलले. त्या खाली उतरल्या असत्या, तर समोरून नुसता अंबाडा दिसला असता. अध्यक्षांनी म्हटलं असतं, "समाधान झालं." मुलीचे दिवस भरत आले होते आणि विजेचा दिवस पुन्हा लवकर येणार नव्हता. मी जीव खाऊन उभी राहायचा प्रयत्न केला. पण आखूड पाय तो आखूडच.

तेवढ्यात वाटेपलीकडून एक काळा, चकचकीत बूट पुढे आला. बुटाचं टोक अलगद माझ्या पायाखाली शिरलं आणि तिथेच थांबलं. मी सरळ झाले. बाईंनी खाली पाहिलं, मग बाजूला. बूट वकीलसाहेबांचा होता. ते स्वतः छताकडे पाहत होते, जणू तो पाय दुसऱ्याच कोणाचा.

"आभारी आहे," बाई पुटपुटल्या.

"कशाबद्दल? पाय लांब आहेत माझे, मावत नाहीत," वकीलसाहेब छताला म्हणाले.

दोन्ही मंत्री आले. आरोग्यमंत्र्यांच्या मिशीला बिस्किटाचा चुरा होता. तिघं प्रथमच एका ओळीत प्रश्नासमोर बसले आणि एकमेकांकडे पाहू लागले. कंडक्टरबाईंनी मग आपला जुना, बसमधला आवाज काढला.

"हे बघा भाऊ, दारातून तिघांना एकदम चढता येत नसतं. एकानं आधी पाय ठेवायचा, दुसऱ्यानं मागून यायचं, तिसऱ्यानं दार लावायचं. बोला, आधी कोण? पुढे सरका!"

आधी सगळे हसले. मग वीजमंत्री कान खाजवत म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर मी आधी लावतो. पण मागून बस यायला हवी."

"दुसऱ्या दिवशी येईल," वाहतूकमंत्री म्हणाले.

"तिच्यात नर्स बसतील," आरोग्यमंत्र्यांनी मिशी पुसली.

"छान! आता बसता ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"कधी लावणार?"

"लवकरच."

बाई बसल्या नाहीत.

"शक्य तितक्या लवकर."

नाही बसल्या.

"बरं, याच महिन्यात."

बाईंनी एक पाय खाली घेतला आणि पुन्हा वर ठेवला. "महिना संपायच्या आत बाळ आलं तर?"

वीजमंत्र्यांचा आवाज बदलला. "ताई, या आठवड्यात लावतो. मी स्वतः उभा राहून लावून घेतो."

तेव्हा कुठे कंडक्टरबाई खाली उतरल्या आणि बसल्या. सगळ्यांनी मेजं वाजवली, दोन्ही बाजूंनी. वकीलसाहेबांनी हळूच बूट काढून घेतला. त्यावर माझ्या पायाचा वण उठला होता.

आठवडा संपायच्या आत ट्रान्सफॉर्मर लागला. संध्याकाळची बस वळणं घेत, आवाज न करता टेकडी चढली आणि तिच्यातून नर्स उतरल्या. पुढे काहीच दिवसांत त्यांच्यातल्या एकीनं कंडक्टरबाईंच्या नातीला लख्ख उजेडात आंघोळ घातली, पुसलं आणि आईच्या कुशीत दिलं. नात मोठ्यानं रडली म्हणे. आजीचाच आवाज, असं साऱ्या वॉर्डानं एकमतानं ठरवलं.

त्यानंतर माझे सुखाचे दिवस होते. सुतारकाकांनी माझ्या पायाला नवा तुकडा जोडला. पाहुणे मला बघायला येत. पण मित्रांनो, कौतुक फार काळ टिकत नाही. हे नवं सभागृह झालं. मेजं ठेंगणी आली, माइक वाकवता येऊ लागले. माझं काम संपलं. मी तळघरात गेले. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, मग एक बिघडलेला पंखा. पुढे एक मांजर येऊन झोपू लागली. ती मात्र चांगली होती.

मला वर आणलं ते वकीलसाहेबांनी. आता ते अध्यक्ष आहेत, केस पिकलेत. एकदा त्यांनी खालून पाहिलं, गॅलरीचा कठडा उंच आणि शाळेची मुलं त्याला लोंबकळतायत. ते म्हणाले, "अरे, ती आपली घडवंची कुठंय?" तेव्हापासून मी इथे आहे. माझ्यावर चढून तुम्ही खाली पाहता. कोणी बटाट्याएवढा, कोणी दुधीएवढा, सगळ्यांना मी पुरते.

कधीकधी एक छोट्या अंबाड्याची आजी येते, बरोबर नात. नात आधी चढते. आजी म्हणते, "सरक गं थोडी, मलाही दिसू दे!" मग दोघी दाटीवाटीनं माझ्यावर उभ्या राहतात. परवा खाली एक मंत्री बोलत होते. नात बराच वेळ ऐकून म्हणाली, "आजी, हे काका उत्तर देतायत की नुसतं बोलतायत?" आजीनं माझ्या फळीवर टाचेनं थाप मारली, जुन्या सवयीनं. "नीट ऐक, म्हणजे कळेल."

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. चढताना बूट पुसा. उड्या मारू नका, माझा जोडलेला पाय आता दुखतो. कोणी शेजारी डगमगताना दिसलं, तर आपला पाय हळूच पुढे करा, मग ते माणूस कुठल्याही बाजूचं असो. आणि कधी तुम्हाला काही विचारायचं असेल, तर उंची कमी आहे म्हणून गप्प राहू नका. माझ्यावर चढा, विचारा आणि पुरतं उत्तर मिळेपर्यंत खाली उतरू नका.

मी धरून ठेवीन.